डाल्मेशियनची पिल्लं पांढरीच जन्मतात, ठिपके मागून येतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या डाल्मेशियन कुत्रीला नऊ पिल्लं झाली, आज आठवा दिवस. आठ पिल्लं कापसासारखी पांढरी आहेत. एकाच्या डाव्या कानावर जन्मापासून मोठा काळा डाग आहे. एकावरही ठिपका नाही, नाकंसुद्धा गुलाबी. शेजारी म्हणतात, बाप गल्लीतला असणार. ठिपके येतील का? कधी येतील? डागवालं पिल्लू भेसळीचं समजून कमी किमतीत द्यायचं का? कुत्रीला किंवा पिल्लांना काही खायला घालावं का?"

आधी शेजाऱ्यांचं बघू. आठ पिल्लं शुभ्र निघाली, हाच बाप गल्लीतला नसल्याचा चांगला पुरावा आहे. डाल्मेशियनच्या अंगाचा टोकाचा पांढरेपणा एका जनुकातून येतो. त्याची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून, अशा दोन्ही मिळाल्या तरच पिल्लू असं पांढरं होतं. बाप गल्लीतला काळा किंवा तांबडा असता तर पिल्लं रंगीत झाली असती. फार तर छाती आणि पंजे पांढरे दिसले असते. बाप बांडा असता तर पांढऱ्या अंगावर मोठमोठे धब्बे जन्मतःच दिसले असते. एका वेतात दोन नरांची पिल्लं असू शकतात हे खरं. कुत्रीच्या बाबतीत ते अशक्य नाही, त्यामुळे माजाच्या दिवसांत ती मोकळी सुटली होती का, हे तुम्हालाच ठाऊक. पण नुसत्या पांढऱ्या रंगावरून संशय घेणं म्हणजे नेमकं उलट वाचणं झालं. जन्मतःच ठिपकेदार पिल्लू निघालं असतं तर मी भुवया उंचावल्या असत्या.

आता ठिपके. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे डोळे उघडतात त्याच सुमारास, पहिले ठिपके केसांवर दिसू लागतील. आधी ते राखाडी, पुसट असतात. कोणी पेन्सिलचं शिसं बोटाला लावून टेकवल्यासारखे. घाई असेल तर आजच एक करून बघा. कोमट पाण्यात कापसाचा बोळा भिजवून घट्ट पिळा, पाठीवरचे केस जरासे ओले करा आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात बघा. केस पांढरे असले तरी खालच्या कातडीवर निळसर सावल्या दिसू शकतात. लगेच पुसून कोरडं करा आणि आईजवळ ठेवा. या वयात गारठा लागलेलं पिल्लू हातातून जायला वेळ लागत नाही. ठिपके बघण्यासाठी आंघोळ घालायची नाही.

चार-पाच आठवड्यांत पिल्लू ओळखीचं डाल्मेशियन दिसायला लागतं. तिथे काम संपत नाही. साधारण दीड वर्षापर्यंत नवे ठिपके भरत राहतात आणि बारीकसारीक टिपके तर पुढेही येतात. जुने ठिपके अंगाबरोबर वाढतात. तिसऱ्या आठवड्यातला मसुराएवढा ठिपका कुत्रा मोठा झाल्यावर नाण्याएवढा होतो, आणि मधल्या मोकळ्या जागेत नवे उगवतात. म्हणून सहा आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून "याचे ठिपके कमी आहेत" असा निकाल देऊ नका. उलट त्या वयात ज्याचे ठिपके दाट आणि अंतर कमी, त्याचे पुढे एकमेकांत मिसळून गिचमीड होण्याची शक्यता जास्त. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकात काळ्या ठिपक्याचा व्यास दोन ते तीन सेंटिमीटर धरला आहे, तोंड, पाय आणि शेपटीवर त्याहून लहान. हे माप मोठ्या कुत्र्याचं आहे, पिल्लाचं नाही.

हे असं का होतं, ते सांगतो, कारण तुमच्या डागवाल्या पिल्लाचं उत्तर त्यातच आहे.

बहुतेकांची कल्पना अशी की पांढऱ्या कुत्र्यावर काळे ठिपके "लावलेले" असतात. प्रत्यक्षात पांढरा हा रंगच नाही, तो रंगाचा अभाव आहे. केसाला आणि कातडीला रंग देणाऱ्या रंगपेशी कातडीत मुळात जन्मत नाहीत. गर्भ अगदी लहान असताना, पुढे जिथे मज्जारज्जू होणार त्या पाठीच्या रेषेवर त्या तयार होतात आणि तिथून कातडीखालून दोन्ही बाजूंनी खाली उतरत जातात. पाठीवरून बरगड्यांवर, तिथून पोटाकडे, पायांच्या टोकांपर्यंत, शेपटीच्या शेंड्यापर्यंत, कपाळावर. वाटेत त्यांची संख्या वाढत राहते. संख्या कमी पडली किंवा वाटेतच मेल्या, तर सगळ्यात लांबची ठिकाणं कोरी राहतात: पंजे, छाती, शेपटीचं टोक, कपाळाची मधली पट्टी.

ही ठिकाणं ओळखीची वाटतात ना? आपल्याकडे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या घोड्याला पंचकल्याणी म्हणतात आणि शुभ मानतात. शुभ-अशुभ बाजूला ठेवा, पण जनावर पारखणाऱ्या जुन्या लोकांनी रंग कुठे कुठे पोहोचत नाही याचा नकाशा नेमका टिपून ठेवला होता. सोव्हिएत काळात नोव्होसिबिर्स्कला १९५९ पासून दिमित्री बेल्यायेव यांनी फक्त माणसाळलेपणा बघून कोल्ह्यांची निवड सुरू केली, तेव्हा काही पिढ्यांतच कोल्ह्यांच्या कपाळावर पांढरा चांद दिसू लागला. रंगाकडे कोणी बघतही नव्हतं. तुमच्या गल्लीतल्या मोत्याचे मोजे घातल्यासारखे पाय आणि पांढरं शेपूट याच गोष्टीतून येतं.

कुत्र्यांमध्ये या पेशींच्या प्रवासावर आणि जगण्यावर ताबा ठेवणारं एक महत्त्वाचं जनुक आहे, त्याचं नाव एमआयटीएफ. पांढऱ्या डागांचा त्याच्याशी संबंध २००७ मध्ये बॉक्सर आणि बुल टेरियरच्या अभ्यासातून स्पष्ट झाला. त्याच्या टोकाच्या प्रकारात रंगपेशी इतक्या कमी उरतात की जवळजवळ अख्खं अंग पांढरं होतं. रंग टिकलाच तर कानावर, डोळ्याभोवती किंवा शेपटीच्या बुडाशी. एका डोळ्यावर काळा डाग असलेला पांढरा टेरियर जाहिरातीत पाहिला असेल, तो हाच. डाल्मेशियनच्या अंगाचा पायाही हाच टोकाचा पांढरा आहे. पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या कानावरचा किंवा डोळ्यावरचा डागही नको म्हणून निवड केली आणि कोरा कॅनव्हास मिळवला.

त्या कोऱ्या जागेत ठिपके आणणारी व्यवस्था वेगळी आहे. पांढऱ्या भागात उशिरा रंग भरण्याचा हा गुण एकट्या डाल्मेशियनचा नाही. बीगलचे पांढरे पाय लहानपणी स्वच्छ असतात आणि वर्षभरात त्यावर तपकिरी टिपके येतात. इंग्लिश सेटर, जर्मन पॉइंटर, स्पॅनियल यांच्यातही तेच. ऑस्ट्रेलियन कॅटल डॉगची पिल्लं तर पांढरी जन्मतात आणि मग निळसर करडी होतात. २०२१ मध्ये या गुणाचा माग ३८ क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या, यूएसएच२ए या जनुकाजवळच्या फरकांपर्यंत लागला, आणि डाल्मेशियनच्या ठिपक्यांतही त्याच जागेचा हात असल्याचं दिसलं. मात्र सेटरच्या टिपक्यांत पांढरे केस मिसळलेले असतात, कडा फिसकटलेल्या असतात. डाल्मेशियनचा ठिपका गोल, भरीव, कडा स्पष्ट. म्हणजे इथे आणखी काही जनुकं ठिपक्याला आकार देतात. ठिपके कोणत्या प्रतीचे येणार हे जनुकांवर ठरतं, पण कोणता ठिपका कुठे येणार हे बऱ्याच अंशी योगायोगावर.

मी लोकांना ते असं समजावतो: कोऱ्या रानात ठिकठिकाणी थोड्या रंगपेशी जागा धरतात आणि त्यांची छोटी वस्ती चहूबाजूंना सारखी पसरते. जागा धरणं नशिबाचा भाग, म्हणून एकाच कुत्र्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे ठिपके जुळत नाहीत. २०१६ मध्ये एडिनबरा आणि बाथच्या संशोधकांनी उंदरांच्या पांढऱ्या-काळ्या धब्ब्यांवर गणित मांडून दाखवलं होतं की या पेशी कोणाच्या इशाऱ्यावर नव्हे, तर वाट्टेल तशा फिरतात आणि पुरेशा वाढल्या नाहीत की जागा मोकळी राहते. तेव्हा "बापासारखेच ठिपके हवेत" अशी मागणी करणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता तुमचं डागवालं पिल्लू. इथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. ठिपका मागून येतो, डाग जन्मतः असतो. लातूरकडचे गोपालक देवणी गाईत रंग कुठे आहे यावरून शेवरा, वानेरा, बालंक्या अशी वेगवेगळी नावं ठेवतात, इतकी बारकाई आपल्याला कुत्र्यातही हवी. पिल्लाच्या कानावरचा डाग म्हणजे पहिल्याच प्रवासात तिथवर पोहोचलेल्या आणि टिकून राहिलेल्या मूळ रंगपेशी. त्या भागातले केस गडद काळे, जरा मऊ, एकही पांढरा केस नसलेले आणि कड कापल्यासारखी असते. असे डाग शुद्ध डाल्मेशियनमध्ये नेहमी निघतात. अनेक मानकांत ते दोष मानले जातात, अमेरिकेत तर असा कुत्रा प्रदर्शनातून थेट बाद होतो. पण प्रदर्शनात बाद आणि भेसळीचं, यात काहीच नातं नाही.

उलट एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे, आणि ती कानाची आहे.

रंगपेशी फक्त कातडीत नसतात. आतल्या कानात शंखासारख्या नळीच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांचा एक पट्टा असतो, त्यातही त्या लागतात. तिथल्या द्रवाचं क्षारांचं प्रमाण राखायला त्यांची गरज असते. त्या पोहोचल्याच नाहीत तर पिल्लाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हा पट्टा सुकतो आणि पाठोपाठ ऐकणाऱ्या नाजूक पेशी मरतात. कायमच्या. औषध नाही, ऑपरेशन नाही. हे एका कानात होऊ शकतं किंवा दोन्हीत. अमेरिकेत हजारो डाल्मेशियनच्या तपासणीत सुमारे ८ टक्के दोन्ही कानांनी आणि २२ टक्के एका कानाने बहिरे निघाले. दहापैकी तीन! पांढऱ्याच्या हव्यासाची ही किंमत आहे. निळे डोळे असलेल्यांत बहिरेपणाचं प्रमाण जास्त, कारण तिथेही रंगपेशींचाच अभाव. आणि जन्मतः डाग असलेल्यांत ते ठळकपणे कमी. डोक्यावर रंग टिकला याचा अर्थ त्या भागात रंगपेशी टिकल्या, म्हणून कानातही टिकल्या असण्याची शक्यता अधिक.

माझ्या प्रॅक्टिसच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली चूक सांगतो. एका घरी सात पिल्लं होती. मी थाटात डागवालं पिल्लू बाजूला काढून "हे शोचं नाही" म्हटलं आणि एका मादीकडे बोट दाखवलं: गोल ठिपके, सारखं अंतर, एक डोळा निळा, दिसायला देखणी. ती सगळ्यात महाग गेली. चार महिन्यांची झाली तेव्हा मालक घेऊन आले, "डॉक्टर, ही हट्टी आहे, हाक मारली तरी येत नाही." मी तिच्या पाठीमागे स्टीलची वाटी आपटली, तिने कानसुद्धा हलवला नाही. डागवालं पिल्लू शेजारच्या तालुक्यात एका मळ्यात गेलं होतं. तो कुत्रा बारा वर्षं जगला आणि अर्धा किलोमीटरवरून मालकाची मोटारसायकल ओळखायचा. तेव्हापासून डाल्मेशियनच्या पिल्लांत मी ठिपके सगळ्यात शेवटी बघतो.

म्हणून तुमच्या नऊही पिल्लांचं ऐकणं तपासायला हवं, आणि ते पाच आठवडे पूर्ण झाल्यावर. त्याआधी कान पुरता तयारही नसतो आणि बिघडायचा असेल तर बिघडून झालेलाही नसतो. खात्रीची तपासणी एकच. डोक्याच्या कातडीत बारीक सुयांचे इलेक्ट्रोड लावून कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत लहर पोहोचते का बघतात. माणसांच्या बाळांची बेरा तपासणी ऐकली असेल, तेच तत्त्व. काही मिनिटांचं काम आहे. जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून सोय विचारा.

ती सोय मिळेपर्यंत घरी एवढं करता येईल. पिल्लू गाढ झोपलेलं असताना, बाकीच्यांपासून वेगळं ठेवून, त्याला दिसणार नाही अशा जागेवरून किल्ल्यांचा जुडगा हलवा. पाय आपटू नका, टाळी नाकाजवळ वाजवू नका. जमिनीची थरथर आणि हवेचा झोत बहिऱ्या पिल्लालाही कळतो, आणि मालक "ऐकलं, ऐकलं" म्हणून खूश होतो. जेवणाच्या ताटलीचा आवाज आल्यावर सगळी पळतात आणि एक झोपून राहतं, ते पिल्लू लिहून ठेवा. खेळताना भावंडं किंचाळली तरी चावणं न सोडणारंही. पण एका कानाने बहिरं पिल्लू घरी ओळखता येत नाही. ते उत्तम पाळीव कुत्रा होतं. फक्त त्याची पैदास करायची नाही, आणि हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगायचं.

खाण्याचं. बदाम, तूप, लोहाचं टॉनिक, उकडलेली अंडी, कशानेही ठिपके वाढत नाहीत की काळे होत नाहीत. कुत्री गाभण असताना काय खात होती यावरही ते ठरत नाही. "ग्रहणात बाहेर बसली होती" हेही मी ऐकलेलं आहे, त्यावर काय बोलणार. दूध पाजणाऱ्या आईला भरपूर आणि चांगलं खाणं द्या, ते तिच्यासाठी आणि दुधासाठी.

एक मात्र देऊ नका: कलेजी. आपल्याकडे कुत्र्याला ताकद यावी म्हणून कलेजी, वजडी घालायची पद्धत आहे. बाकीच्या कुत्र्यांना प्रमाणात चालते. डाल्मेशियनला नाही. शुद्ध जातीच्या डाल्मेशियनमध्ये एसएलसी२ए९ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्यामुळे लघवीतून युरिक आम्ल फार जातं आणि त्याचे खडे होतात. नरांना जास्त त्रास, मूत्रमार्ग अरुंद म्हणून. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शाइबल या जनुकशास्त्रज्ञांनी एका पॉइंटरशी एकदाच संकर करून पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशी जुळवल्या आणि निरोगी जनुक जातीत आणलं. त्या वंशाच्या कुत्र्यांना अमेरिकन केनेल क्लबची कायमची नोंदणी मिळायला २०११ उजाडलं, कारण "शुद्ध रक्ता"चा आग्रह. असो. पाणी भरपूर पाजा, फिरायला वरचेवर न्या, अवयवांचं मांस टाळा.

रंगांबद्दल एक-दोन गोष्टी, कारण तिसऱ्या आठवड्यात तुम्ही पुन्हा घाबराल. नऊपैकी एक-दोघांचे ठिपके चॉकलेटी निघाले तर तेही भेसळ नव्हे. आई-बाप दोघे काळ्या ठिपक्यांचे असून दोघांत तपकिरी जनुक लपलेलं असेल तर साधारण चारांत एक पिल्लू चॉकलेटी येतं, याला जाणकार लिव्हर म्हणतात. हा मान्य रंग आहे. त्याचं नाक आणि पापण्यांच्या कडाही तपकिरी होतात, काळ्या होत नाहीत. फिकट पिवळसर ठिपके, म्हणजे लेमन, क्वचित येतात. प्रदर्शनात चालत नाहीत, घरात उत्तम चालतात.

हार्लेक्विन ग्रेट डेनशी मात्र गल्लत नको. तोही पांढरा आणि काळ्या धब्ब्यांचा, पण यंत्रणाच निराळी. तिथे मर्ल नावाचा जनुकबदल रंगपेशींच्या कामात गडबड करतो, त्यावर हार्लेक्विनचं जनुक बसतं आणि उरलेली जागा पांढरी पडते. ते धब्बे जन्मतःच असतात, फाटलेल्या कागदासारख्या कडांचे. दोन मर्ल कुत्र्यांचं जुळवलं तर दर चारांत एका पिल्लाला दोन्ही प्रती मिळतात आणि डोळे-कान गमावण्याचा मोठा धोका असतो. हार्लेक्विनच्या दोन प्रती मिळालेलं पिल्लू तर गर्भातच जातं. ठिपकेदार मादीला ठिपकेदार नर शोधून देणाऱ्या दलालांना हा फरक माहीत नसतो, त्यामुळे पुढे कधी कोणी तसा जोड सुचवला तर नाही म्हणा.

नाकाची चिंता सोडा. गुलाबी नाक काठांकडून किंवा मधूनच छोट्या छोट्या ठिपक्यांनी भरत जातं. काहींचं सहा आठवड्यांत भरतं, काहींचं वर्ष घेतं, आणि एखाद्याचं शेवटपर्यंत अर्धवट राहतं. तोवर भर दुपारच्या उन्हात पिल्लं सोडू नका. पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी आणि नाक भाजतं.

आजपासून एक वही करा. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा सैल बांधा, रोज तपासा, कारण मान भराभर जाड होते. रोजचं वजन लिहा आणि दर तीन दिवसांनी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. दहाव्या दिवसापासून फोटोंत फरक दिसेल. डागवाल्या पिल्लाची किंमत आत्ता कोणालाही सांगू नका. पाच आठवडे होऊ द्या, कानांचा निकाल हातात येऊ द्या, आणि शेजाऱ्यांना तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बघायला बोलवा.